कुणीतरी ओढा

५ फेब्रुवारी

आज होडीवर राहायला आले. होडी झकास हाय. नवी कोरी, रंगाचा वास अजून गेला न्हाय. माझी शाळा चौथीपर्यंत, तसं हारूनशेठला आधीच सांगितलं. शेठ म्हणाले, गोदूबाई, रोज लिहायचं, जे घडेल ते, चुका काढायला दुसरी माणसं हायत.

शेठचे भिवंडीत लूम. पणजोबांची शिडाची गलबतं होती म्हणे, म्हणून शेठनी आपल्याच लूमवर शिडाचं कापड विणलं. ते भर समुद्रात टिकतं का, ते बघायला मी नि माझा धाकटा भाऊ दामू, दोघं बापाच्या होडीवर शिकलेलो. होडीला मशीन मुद्दाम बसवलं न्हाय. दोन माणसांत शिडावर होडी चालते, हे गिऱ्हाइकाला दाखवायचंय. पंधरा दिवस नीट काढले तर दामू या होडीचा कायमचा तांडेल. आत्ता कोन गावच्या गोदामात बारा तास गोण्या उचलतो, कंबर गेली त्याची. ते सुटायला पायजे, म्हणून मी आले. मला काय हौस न्हाय.

६ फेब्रुवारी

दिवसभर दोर. डोलकाठीवरून उतरणारे सगळे दोर मागं सुकाण्यापाशी आणले. दोनच माणसं, एक पुढं गेला तर मागं कोण? दोर ओळखायला लूमवरचं उरलेलं सूत गुंडाळलं. लाल म्हंजे शीड चढवायचा, हिरवा म्हंजे आवळायचा. टोकाला गाठ मारायचीच, न्हायतर दोर कप्पीतून निसटतो. दामूने दोन दोर बिनगाठीचे ठेवले. बोलले त्याला. तो म्हणतो, बाय, तू शेठपेक्षा मोठी शेठ.

शीड बांधायला खारबावचा म्हातारा आलेला, त्याला सगळे दाजी म्हणतात. त्याने डोलकाठीला हात लावून आमची नावं सांगायला लावली. दामू. गोदू. दोनच. म्हणाला, कमी माणसांच्या होडीवर नुसतं ओढ, सोड म्हणायचं न्हाय. आधी नाव, मग काम. बिननावाचं काम सांगितलं तर करायला कोण येईल, सांगता येत न्हाय.

मी म्हटलं, आला कोण तर बरंच, हात कमीच हायत. दाजी हसला न्हाय.

९ फेब्रुवारी

खाडी सोडून दुसरा दिवस. किनारा दिसत न्हाय.

शेठसाठी लिहिते. वारा वाढायच्या आधी शीड लहान करायचं. मनात पहिल्यांदा आलं की तेव्हाच. मागनं दोघांना आवरत न्हाय. आज दामू म्हणाला थांब जरा, मी मूर्खासारखी थांबले. दुपारी होडी अशी कलली की भाताचा टोप समुद्रात. दामू सुकाण्यावर, मी शिडाला लोंबकळलेली. खालचं कापड गोळा करून बांधायचं तर ते फडफडतंय, तोंडावर बसतंय. डोकं फिरलं. ओरडले, अरे कुणीतरी ओढा.

दोर ओढला गेला. एका दमात, सरळ. शीड गप झालं. मागं येऊन दामूला शाबास म्हटलं.

तो म्हणतो, मी दोन्ही हातांनी सुकाणू धरलेलं. तुलाच शाबास म्हणणार होतो.

१० फेब्रुवारी

सकाळी सगळे दोर गुंडाळून ठेवलेले. डाव्या हाताने गुंडाळलेले, उलटे. आम्ही दोघं उजवे. दामूशी भांडले. तो माझ्याशी भांडला.

हिरवा दोर वीतभर जास्त आवळलेला. सैल केला. चहा घेऊन आले, परत आवळलेला. चार वेळा. पाचव्यांदा बोटं सोलली. कोण चेष्टा करतंय ते समजलं तर थोबाड फोडीन.

११ फेब्रुवारी

परत फिरायचं ठरवलं. वळायच्या आधी शीड उतरवत होतो. नाव घेऊन, रीतसर. दामू, लाल सोड. त्याने सोडला.

शीड खाली येईना. दोर ढिला पडायला पायजे, तो सळईसारखा ताठ. हात लावला — दोर ओढ घेत होता. दमाने. जसा कामकरी माणूस ओढतो.

मीच सांगितलं ना ओढायला. तो ओढतोय. थांब कसं सांगू, नाव ठाऊक न्हाय.

१२ फेब्रुवारी, सकाळ

पश्चिमेला चाललोय. प्यायचं पाणी चार दिवसांचं उरलंय. दामू वर जाऊन कप्पीपाशी दोर कापणार. फळीवर बसवून मी त्याला दुसऱ्या दोराने चढवणार. खालची गाठ माझी. दोनदा मारणार.

१२, दुपार

वर पोचला. दोर कापेना, सुरी घसरते — डोलकाठीला मिठी मारून बसला, भ्यायला. पोरासारखा. मी खालून वैतागले. तेवढंच येतं मला. म्हटलं सोड आता, ये खाली.

नाव घेतलं न्हाय.

माझी गाठ, दोनदा मारलेली. माझ्यासमोर उलगडली. डावीकडून.

होडी कललेली, तो सरळ पाण्यात. टायर फेकला. सुकाणू फिरवलं, होडी वळेना. पिवळं बनियन दिसत होतं. हात वर केला त्याने. मग लाट. मग —

१३

सुकाणू कुणी बांधलंय. मी न्हाय.

सगळी नावं घेऊन बघितली. आमच्या घरातली, बुडालेली, मेलेली. काळूराम, सोड. पंढरी, सोड. कुणी सोडत न्हाय.

डोलकाठीला दोनच नावं सांगितलेली. एक गेलं.

आत्ता पुढून हाक आली. दामू मला बाय म्हणायचा, जन्मभर — ही हाक ती न्हाय.

गोदू, म्हणाला. ओढ.

आधी नाव, मग काम. रीत त्याला बरोबर ठाऊक.

जायचं न्हाय म्हणून बसलेय. पण डाव्या हातात हिरवा दोर हाय. कधी घेतला — उजव्याने लिहिते. जड हाय, एका हाताला आवरत न्हाय, दुसरा पण लावायला —