डाव्या पायाचे चार सेकंद

शेफील्ड, टास्मानिया
१२ सप्टेंबर

चि. मेरिनला ग्लेनिसमावशीचे अनेक आशीर्वाद.

तू शिकवलंस तसं रोज हात न टेकता दहा वेळा खुर्चीतून उठते. बटाट्याची पिशवी उचलून पायऱ्या चढते. कुत्र्याला वाटतं, म्हातारीचं डोकं बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली हार्मोनची पट्टी आठवड्यातून दोनदा पोटावर चिकटवते. झोप लागते, हाडंही टिकतील म्हणतात. ऊनाला, तुझ्या आईला, मात्र सांगू नकोस. तिच्या मते ती पट्टी म्हणजे विष.

आणि मी एका पायावर किती वेळ उभी राहते हे तू घड्याळ लावून मोजलंस, ते तर मुळीच नको. उजव्या पायावर बावीस सेकंद, डाव्यावर चारच. लॉन बोल्समध्ये वाकून हिरवळीवर चेंडू घरंगळत सोडताना सगळा भार डाव्यावर येतो, आणि यंदा क्लबचा संघ निवडणाऱ्या समितीत ऊना आहे. संघातल्या चौघींतली एक जागा बत्तीस वर्षं माझी आहे. सामने सुरू होईतो चाराचे दहा करू.

तुझी मावशी

लॉन्सेस्टन
६ ऑक्टोबर

ती. मावशीस मेरिनचा साष्टांग नमस्कार.

क्लबच्या फळ्यावर लागलेल्या संघात तुझं नाव नाही, हे आईकडूनच कळलं. दोष माझा आहे. ‘ताईची काळजी वाटते’ असं म्हणत आईने फोनवर विचारलं, ती एका पायावर किती वेळ उभी राहते. मोजलेला आकडा बदलायचा नाही, हे तिनेच मला घरी शिकवताना पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलंय. मी चार म्हटलं. मग तुझी बाजू सावरायला, पट्टीने सुधारेल, असंही म्हणून बसले.

बहीण म्हणून विचारलेलं तिने निवड समितीत सांगितलं, तेही फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीचं मत म्हणून. तिच्याशी आठ दिवस बोललेले नाही. पण तुझा शब्द मीच मोडला. रागाव, पण पत्र पाठव.

तुझी मेरिन

शेफील्ड
१४ ऑक्टोबर

चि. मेरिनला आशीर्वाद.

ऊनाचं नवल नाही. लहानपणी माझ्या दोरीवरच्या उड्याही ती कमीच मोजायची. रविवारी घरी भाजलेले स्कोन, ते छोटे गोड पाव, घेऊन आली, म्हणाली, ताई, तुझ्या भल्यासाठीच केलं. स्कोन कोंबड्यांना घातले.

व्यायाम आणि पट्टी दोन्ही चालू आहेत. आईशी बोल.

दवाखान्यात तोल बघतात तेव्हा मी हळूच एक बोट टेबलाला लावते. पंधरा सेकंद सहज होतात. ऊनासमोरही तसंच करते. तुझ्यासमोर दोन्ही हात सोडले होते, म्हणून चार आले.

लोभ आहे तसाच आहे. नाताळात ये, घड्याळही आण. या वेळी तुझ्यासमोरही मी टेबल धरून उभी राहीन.

तुझी मावशी