आत तेल नको

प्रिय दादा,

खट्-खटाक्! कोरडा, टणटणीत. आपल्या खोलीत तू रिकाम्या रायफलचा बोल्ट मागे ओढून सोडायचास, तो आवाज. त्या ठेक्यावर मी शाळेतला भुजंगप्रयात धरायचो आणि तू खेकसायचास, "वसंता, कविता आवर! मला बोल्ट ऐकू दे."

आज पोलीस ठाण्यात तोच बोल्ट ओढला, तर 'चप्प' झालं. म्हणून हे पत्र.

निवडणुकीसाठी जमा केलेली रायफल परत आणायच्या आतच तू गेलास. हवालदार कौतुकानं म्हणाले, "आजोबा, मस्त चोपडून ठेवलीय." मी ओरडलोच, "अहो, आत तेल नको!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "प्लास्टिकच्या बंदुकीला एवढं जपायचं? टिकल्या मिळतात का हिच्या?"

आपल्या क्लबातही हेच म्हणायचे, आठवतं? सगळ्यांचे अक्रोडाचे दस्ते, तुझा एकट्याचा तपकिरी नायलॉनचा. तू शांतपणे सांगायचास, "तुमचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि नळीला ढकलतं. माझी जागची हलत नाही." दस्ता, मधलं अंग, सगळं नायलॉनचं. गोळी नळीत ढकलणारा लोखंडी बोल्ट त्यातच सरकायचा, तेलाशिवाय. नळीला बाहेरून तेलाचं एक बोट फिरवायचं. आत मात्र जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं, बस.

हे मला कधी कळलं, दादा? निवड चाचणीनंतर, तेही क्लबातल्या लोकांकडून!

त्या खंडेनवमीला आईनं विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, सगळं पुसून पाटावर मांडलं होतं. यंत्राला तेल घातलं, तसं मी तुझ्या रायफललाही घातलं. चांगलं सढळ हातानं. वर झेंडूचं फूल ठेवलं. केवढा आनंद झाला होता मला! तेलात धूळ बसली, बंदुकीची काजळी बसली, आणि रविवारी निवड चाचणीत, शेवटच्या फेरीत, बोल्ट अर्ध्यावर रुतला. राज्याच्या संघातलं तुझं नाव गेलं.

तू मला एक शब्द बोलला नाहीस. सगळ्यांना सांगितलंस, "रायफलनं दगा दिला." थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं रे! त्याऐवजी रायफलच्या कपाटाला कुलूप लावलंस. पुढची चाळीस-एक वर्षं मी दिवाळीला तुझ्याकडे येत राहिलो, चिवडा खात राहिलो, आणि चावी तुझ्या जानव्यालाच राहिली. तुला मोठेपणा मिळाला. मला काय मिळालं? माफी मागायची सोयसुद्धा तू ठेवली नाहीस.

आता ऐक. रायफल माझ्या नावावर करायची तर वहिनींची आणि तुझ्या निखिलची ना-हरकत हवी. शुक्रवारपर्यंत कागद गेले नाहीत, तर ती नष्ट करायला पाठवणार. निखिलनं परदेशातून सही पाठवली, वर लिहिलं, "काका, कशाला हे लोढणं?" वहिनींना वारज्याला तीनदा फोन केला. "त्या बंदुकीचं नाव काढू नका, भाऊजी," म्हणाल्या आणि ठेवला. आज बुधवार आहे.

रागावलोय मी तुझ्यावर, अजून. तरी वचन देतो: रायफल घरी आली, तर मी ती उघडीन, हवालदारांचं तेल शेवटच्या थेंबापर्यंत टिपून काढीन, आणि तो खटका पुन्हा कोरडा वाजेपर्यंत झोपणार नाही.

थांब, बेल वाजली.

दादा, वहिनी आल्यात! एकट्या, रिक्षानं. हातात तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत टूथब्रश, घडी घातलेलं फडकं. पाणीसुद्धा न घेता दारातच म्हणाल्या, "कुठे सही करायची ते दाखवा. पण आधी शब्द द्या, भाऊजी. ह्या वेळी आत तेल घालणार नाही."

म्हणजे वहिनींना सगळं सांगितलं होतंस तू. फक्त माझ्याशीच बोलला नाहीस.

तुझा,
वसंता