बसव्वाला ठाऊक नव्हतं

मुडबी,
२१ ऑगस्ट १९८८

चि. बाबूलाल यास,
अक्काचा सप्रेम जयभीम, आणि कान धरून आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. मूग काढायला सुरुवात झालीय. पण बाबा रे, तुला इंजिनियर कोण करायलंय? गुपित कुणी पोस्टकार्डावर लिहितं का? सुट्टीत तू सोंगाचा खेळ शिकवलास. तू गोष्ट सांगायची, आम्ही त्यातली माणसं व्हायचं, धोक्याच्या जागी कवड्या टाकायच्या. आता तो पत्रांनी चालवू म्हणालास, तुझी गोष्टीची वही सांगायला माझ्याकडं ठेवलीस, ठीक. पण गोष्टीतला वाटाड्या हणमंतप्पा फितूर आहे, बसव्वा विहिरीत उतरली की तो दोर कापणार, हे मला एकटीलाच कळायचं होतं ना? कल्लप्पा पोस्टमन कार्ड वाचूनच हातात देतो, हे तुला ठाऊक न्हाई? त्यानं ओसरीवर खणखणीत वाचलं, आणि पुढ्यात आत्याबाई!

बसव्वा म्हणजे त्याच की. चहात साखर किती टाकू हेसुद्धा दुसऱ्याला विचारणाऱ्या माझ्या सासूबाई या खेळात घोड्यावर बसतात, किल्लेदाराला दम देतात. चार महिन्यांत बसव्वा त्यांची लेकच झालीय. कार्ड ऐकल्यापासून त्या कवड्यांना हात लावत न्हाईत. बसव्वा मेली तर त्यांचं तोंड मला बघवणार न्हाई. काहीतरी कर.

कागद संपला म्हणून थांबणारी,
तुझी अक्का


गुलबर्गा,
२७ ऑगस्ट १९८८

ती. अक्कास,
बाबूलालचा सप्रेम जयभीम, वि. वि.

चुकलो. बंद आंतर्देशीय पत्र आणायचा आळस केला. हणमंतप्पाला आता सज्जन करणं माझ्या हातात आहे, पण मग खेळच खोटा पडतो. आपल्याला काय ठाऊक ते बाजूला ठेवायचं आणि सोंगाला जेवढं ठाऊक तेवढ्यावरच वागायचं, हाच तर सगळा खेळ. उतरायचं की न्हाई ते आत्याबाईंनीच ठरवावं. उतरली तर सहा कवड्या टाका. निदान तीन उताण्या पडल्या तर बसव्वाच्या हाताला कपार लागेल, वाचेल. मी काही बघायला येत न्हाई, तुम्ही लिहाल ते खरं. दाजींना जयभीम.

राग निवला की थोडी माया इकडं धाडावी.
तुझा बाबूलाल


मुडबी,
६ सप्टेंबर १९८८

चि. बाबूलाल यास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

सल्ल्यांना काय तोटा! कल्लप्पा म्हणाला, बसव्वाचं पोट दुखायलंय म्हणून सांगा. तुझे दाजी म्हणाले, आधी हणमंतप्पालाच खाली उतरवा. आत्याबाई दोघांवर उखडल्या. मला ठावं हाय, पण बसव्वाला कुठं ठावं हाय, म्हणाल्या. ती तापानं फणफणली होती तवा त्यानंच खांद्यावर घेऊन नदी पार केली, ती त्याच्यावर संशय कामून घेईल? आणि उतरल्या.

कवड्या मुठीत धरून केवढा तरी वेळ बसल्या. एकच उताणी पडली. दाजी म्हणाले, तीन लिही, कोण बघायलंय! खोटं कशाला सांगू, माझाही हात तिकडंच वळला होता. आत्याबाईंनी मनगट धरलं, एकच लिही म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला. मीही रडले रे, असल्या खेळापायी!

दोन दिवस कुणी खेळाचं नाव काढलं न्हाई. काल स्वतःच म्हणाल्या, मला नवं सोंग दे. बांगड्या विकणारी अक्कम्मा झाल्या. तुझ्या वहीत पुढच्या वाटेवर हणमंतप्पाच भेटतो, तहानलेला. माझा इलाज न्हाई, मी तसंच सांगितलं. दाजी ओरडले, डोस्कं फोड त्याचं! आत्याबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. अक्कम्मा तर ह्याला आजच बघायलीय, म्हणाल्या. मग समोर कुणी नसताना खरोखरचा तांब्या पुढं केला, आणि दमलास जणू अण्णा, पाणी पी, असं म्हणाल्या.

आमच्यावर अशीच ओढ राहू दे.
तुझी अक्का