सारांश नसलेला प्रबंध

मॅडम,

‘पोरी, तू कागदाकडं पाहून राहिली, अन् बाई तिकडं वाकून राहिली,’ असं तुम्ही मला म्हणाला होतात, अकोल्याच्या अलीकडच्या एका शेतात. तेव्हा मी तुमची विद्यार्थिनी, तेवीस वर्षांची. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं आपण दोघी तिथं गेलो होतो, तुमच्या प्रबंधाच्या कामासाठी. कापूस वेचताना बायकांची कंबर किती वाकते, गुडघा किती, आणि तासाभरानं त्यात काय फरक पडतो, हे मोजायचं होतं. तुमच्या हातात कोनमापक आणि गळ्यात शिंप्याचा टेप. मी वहीत आकडे भरत होते आणि जिचे आकडे भरत होते त्या बाईकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. ती बाई मात्र आपल्याला चांगलीच पाहत होती. ‘काहून वो बाई, वाकनं मोजाले शिकून आल्या का? आमाले तं कोनं शिकवलंबी नाही,’ ती म्हणाली आणि ओळीतल्या सगळ्या हसल्या. तुम्ही टेप गुंडाळलात आणि म्हणालात, ‘म्हनूनच तं आली ना मी तुयाकडं शिकाले.’ मग दुपारपर्यंत तुम्ही काहीच मोजलं नाही. कमरेला झोळी बांधून तिच्या शेजारच्या ओळीत वेचत राहिलात.

त्या दिवसाचं जे तुम्ही लिहिलंत ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. ती बाई ओळीच्या शेवटी कंबर सरळ करते, पण पूर्ण करत नाही. पूर्ण केली तर पुन्हा वाकताना जास्त दुखतं, हे तिला ठाऊक आहे. तुमच्या प्रबंधाचं पहिलं पान हेच. त्याच्या आधी सारांशाचं पान हवं असा नियम होता. तुम्ही वर ‘सारांश’ एवढा मथळा टाकून खाली पान कोरं सोडलंत. विद्यापीठाच्या कार्यालयानं प्रबंध दोनदा परत पाठवला, तुम्ही दोनदा तसाच पुन्हा दिलात, आणि शेवटी कंटाळून त्यांनी घेतला.

आता मी अकोल्यात काम करते. गेलं वर्षभर आम्ही माणसाच्या हालचालींवर झालेल्या संशोधनाचा एक नकाशा करतो आहोत. चालणं, धावणं, वाकणं, तोल, पडणं, या सगळ्यावर आपल्या भागात आणि बाहेर जे लिहिलं गेलं, त्याचे सारांश संगणकात घालायचे. कोणते शब्द कोणत्या शब्दांसोबत येतात ते तो मोजतो, सारख्या विषयांचे पुंजके करतो आणि कोणता विषय कधी वाढला, कधी आटला ते दाखवतो. तुम्हाला हसू येईल, पण मला हे काम आवडतं. जुन्या वर्षांत वेग, ताकद, उडी हे शब्द दाटीवाटीनं दिसतात; मग हळूहळू गुडघा येतो, म्हातारपण येतं, मनगटावरच्या घड्याळात मोजलेली पावलं येतात. इतक्या माणसांनी इतकी वर्षं कशाकडे पाहिलं, ते एका नजरेत दिसतं. आणि कशाकडे पाहिलं नाही, तेही.

मागच्या आठवड्यात नकाशा पूर्ण झाला. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या जागी तो पांढरा आहे. माझ्यासोबत काम करणारी मुलगी अकोल्याचीच. ती खूश होऊन म्हणाली, ‘मॅडम, इथं तं कोनीच काम केलं नाही! आपल्या पोरींले एकदम नवा विषय.’ मी तिला म्हटलं, केलं आहे. आम्ही शोधलं. तुमचा प्रबंध यादीत होता, पण सारांशाचं पान कोरं, म्हणून संगणकानं तो पहिल्याच दिवशी बाजूला काढला होता. त्या चाळणीचा नियम मीच लिहिला होता. सारांश नसेल ते गाळा. पूर्ण प्रबंध आत घालता येत नाही, कारण बाकीच्यांच्या पाच-दहा ओळींपुढे तो एकटाच सगळा नकाशा ओढून नेतो. ती म्हणाली, ‘मंग पाच ओळी तुमीच लिहा न मॅडम, त्याले काय लागते?’ सोमवारी हा नकाशा समितीपुढे जाईल. पुढच्या मुलींना कोणते विषय द्यायचे ते त्यावरून ठरेल, आणि कुणीतरी तुमचंच काम पहिल्यापासून करायला निघेल, तुम्ही होतात हे माहीत नसताना.

नकाशावर एक ठिपका आहे, त्या पांढऱ्या जागेच्या अगदी कडेला. तो माझ्या प्रबंधाचा. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. माझा प्रबंध तयार झाला तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्हाला माझा सारांश वाचून दाखवला होता. तुम्ही पोळ्या लाटत होतात. ‘हे वाचून कोनी आतलं वाचंन का? ज्याले वाचाचं त्यानं पुरं वाचावं. फाड ते,’ म्हणालात आणि तव्यावरची पहिली पोळी माझ्या ताटात टाकलीत. मी तुमच्यासमोर कागद फाडला. दुसऱ्या दिवशी बाइंडिंगवाल्याकडे तोच मजकूर पुन्हा टाइप करून नेला. कार्यालयासाठीच्या प्रतींमध्ये तो घातला आणि तुमच्या एका प्रतीत कोरं पान. मला नोकरी हवी होती. दोनदा परत आलेला प्रबंध मला परवडणारा नव्हता. तुम्ही ती प्रत दिवाणखान्यात ठेवलीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, ‘हिनं ऐकलं माह्यं.’ मी शेजारीच बसलेली असायचे, चहा पीत.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात आता दुसरे लोक राहतात, पत्ता मला पाठ आहे, पण पाकीट मी आणलेलं नाही. आज दिवसभर तुमचा प्रबंध घेऊन बसले. पुरा वाचला, एकही पान न गाळता. आणि वाचून झाल्यावरही तेच मागते आहे जे मागू नये. त्या कोऱ्या पानावर मला पाच ओळी लिहू द्या. या वेळी न विचारता लिहिणार नाही. तुम्ही नाहीच म्हणाल, हे ठाऊक आहे, तरी विचारते.