समीसाठी बिस्किटं

केशोरी

प्रिय आईस, सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. पाय तेवढे दुखतात. वसतिगृहातली चाळीस पोरं एकटीच सांभाळून राहिली मी. तुझी कंबर कशी आहे?

काल पोरांसोबत ज्वारीचं पीठ, गूळ नि जवस घेऊन बिस्किटं केली. मोठ्या गंजात रेती तापवून, वर झाकण ठेवून भाजली. पोरांनी अर्धं पीठ कच्चंच खाल्लं. माझ्या समीएवढी एक पोरगी म्हणाली, "मॅडम, काऊन रडून राहिल्या?"

म्हटलं, "धूर गेला डोळ्यांत."

या नोकरीसाठी लेकीला तुझ्याकडे फुलचूरला ठेवलं, तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर बोलत नाही. जेवते ना नीट?

चिठ्ठीसोबत बिस्किटांचा डबा पाठवते. मी केली म्हणून सांगू नको. आधी तिला खाऊ दे.

तुझी,
मोनाली