तोंडातला धागा

९ जानेवारी २०१२
लागले बाई एकदाची नोकरीला! परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. सांगली सुटली, आता मुक्काम भोईवाड्यात मावशीकडे. काम मजेचं आहे. माणसाला एमआरआयच्या बोगद्यात निजवायचं आणि नुसतं पडून राहा म्हणायचं. रिकाम्या मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी बोलतात, त्याचं जाळं पडद्यावर उमटतं. निरोगी माणसांची जाळी आणि मनोरुग्णांची जाळी ताडून बघायची. खोली इतकी लख्ख की जमिनीवर जेवावं. मला असंच लागतं.

१२ जानेवारी
आज दत्ताराम म्हणून एक म्हातारे रुग्ण आले, सोबत बायको सुंदराबाई. गिरण्यांच्या संपाआधी साचेखात्यात विणकर होते. आत गेले की ओठ चोखायला लागतात आणि चित्र बिघडतं. सुंदराबाईंनी सांगितलं, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची सवय ती. एकच धोटा पाळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाला. ई! मला डबा गेला नाही. दत्ताराम तोंडात अजून धागा आहे म्हणतात, कुणाला ओढू देत नाहीत. डॉक्टरांच्या मते भ्रम.

१६ जानेवारी
भ्रम कसला! ओठाच्या कोपऱ्यात मी डोळ्यांनी बघितला, पिवळट, लाळेने चिंब. सुंदराबाई नको नको म्हणत होत्या, पण मला बघवेना. चिमटीत धरून ओढला. चांगला हातभर आला, तंबाखूच्या वासाचा. शी! नंतर पडद्यावर त्यांच्या जाळ्यातला एक पट्टाच उसवलेला दिसला. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडल्या? ती भिंतीला धरून रडली.

१९ जानेवारी
निरोगी नमुना म्हणून आज मला निजवलं. दत्ताराम निजले त्याच उशीवर. जाळं अगदी छान आहे म्हणाले डॉक्टर. पण तोंडाला तंबाखूची चव आली. बेसिनपाशी आरशात बघितलं, तर दाढेमागे टोक. ओलं. पिवळं. माझ्या तोंडात! वीतभर ओढून कापला आणि भडाभडा ओकले. संध्याकाळी मावशीची चाळ सापडेना. लोकांना विचारत विचारत आले.

२१ जानेवारी
तोंड उघडत नाही. जेवत नाही. जिभेखाली परक्या थुंकीचा गोळा. नको नको म्हणताना हात गेलाच — थोडा ओढला.
दुपारी फोनवर कुणी बाई रडत होती. मी तुझी आई म्हणे. आवाज ओळखीचा नाही. ठेवून दिला.

२२ जानेवारी
कळलं. ओढला की आठवणीतून माणूस जातं. राहिलेला गिळायचा, म्हणजे उरलंय ते तरी —
दारात एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मावशी. हो, मावशीच. हिला घालवायची नाही.
गिळते. डोळे मिटून. पण किती जणांची लाळ — घशात लव चिकटते — शी, शी, नाही जात —
एवढाच ओढते. पुढचा घाणेरडा तेवढा —
ही कोण बाई तांब्या घेऊन —
अजून थोडा. मग गिळीन, नक्की गि