तिसऱ्यांदाही तोच आकडा

अक्का,

आज तिन्ही वेळा तोच आकडा आला! तू जाऊन तीस वर्षे झाली; तरीही ही बातमी तुलाच लिहितो आहे, कारण जिला घरी येताच उंबऱ्यावरूनच सांगितली असती, ती तुझी सून, माझी बायको, गेल्या श्रावणात गेली.

प्रयोग असा. पाण्यात फुगवलेले मऊ मणी नळकांड्यात ठासून भरायचे आणि मधला दांडा फिरवायचा. जोर थोडा असेल तर मणी एकमेकांत अडकून भिंतीसारखे उभे राहतात. ठरावीक जोरापलीकडे मात्र तेच मणी दबत, एकमेकांना वाट देत वाहू लागतात. तो जोर किती, एवढेच मला मोजायचे होते, आणि ती गेल्यापासून दर वेळी निराळेच उत्तर येत होते. आजही जुळले नसते, तर प्रयोगशाळेला कुलूप लावून व्हाइटफील्डला मुलीकडे कायमचे जायचे, असे मी ठरवले होते.

सकाळी दांडा पुन्हा अडला आणि मला चामराजपेटेतले तुझे स्वयंपाकघर आठवले. एकादशी आहे, साबुदाण्याची खीर घट्ट झाली आहे, आणि अकरा वर्षांचा मी दोन्ही हातांनी डाव रेटतो आहे. तू ओरडतेस, "अरे शहाण्या, कुस्ती खेळतोस का तिच्याशी? आधी सगळी मोकळी फिरव, मग स्वल्प स्वल्प हात हलका कर. थांबलास की बसलीच!"

भरताना मणी जसे वेडेवाकडे अडकत, तसेच ठेवून मी आजवर जोर लावत होतो. म्हणून दर वेळी आकडा वेगळा. आज आधी दांडा वेगाने फिरवून सारे मणी मोकळे केले, मग वेग पायरीपायरीने उतरवला आणि मणी थांबायच्या बेताला आले तेव्हाचा जोर नोंदवला. माझी बेळगावची विद्यार्थिनी किंचाळलीच, "सर, तिसऱ्यांदाही तोच! केलंत तरी काय?"

"आईने सांगितले होते तसे."

"मग पेपरवर त्यांचं नाव पहिलं. तुमचं दुसरं!"

कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसलो. मुलीला कळवले आहे की इतक्यात येत नाही.

हे पत्र प्रयोगवहीत राहील. एक कबुली मात्र द्यायला हवी. तुझी सून गेल्यानंतर आज प्रथमच मी शेगडी पेटवली आणि खीर चढवली. मग उत्साहाच्या भरात तुला लिहायला बसलो आणि ढवळायचे विसरलो. खीर खाली लागली आहे, अक्का. वास येतो आहे.